कमी विजेवर शिकणारी यंत्रे : पीएच.डी. संशोधनाचे एक खुले क्षेत्र

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचा अभियांत्रिकीकडे, आणि त्यातही संगणक शाखेकडे, अलीकडे विशेष ओढा आहे. पदवी हाती पडली की पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरू येथे नोकरी आणि नोकरी लागली की शिक्षण संपले, असा क्रम जणू ठरूनच गेला आहे. त्यात गैर काही नाही. घरावरचे कर्ज, धाकट्या भावंडांचे शिक्षण, आई-वडिलांचे औषधपाणी हे प्रश्न पगारानेच सुटतात. मात्र 'पीएच.डी.' हा शब्द घरात उच्चारला की पालकांच्या मनात जी धास्ती उभी राहते, ती बहुतांशी माहितीच्या अभावी असते. पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षे घरून पैसे मागवणे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बाबतीत ती वस्तुस्थितीस धरून नाही, हे पुढे सविस्तर येईलच. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका संशोधनक्षेत्राचा परिचय करून देऊ इच्छितो, ज्याचा मौद्याशी संबंध विजेच्या तारेइतका सरळ आहे. आम्ही इतिहासाचे अभ्यासक असल्याने यंत्रशास्त्रातील बारकावे त्या विषयाच्या तज्ज्ञांकडे सोपवून केवळ त्याची रूपरेषा मांडणार आहोत.

क्षेत्राचे नाव आहे 'ऊर्जाबचत करणारे डीप लर्निंग'. कृत्रिम बुद्धिमत्तेचा आज जो बोलबाला आहे, त्याच्या मुळाशी डीप लर्निंग ही पद्धत आहे. एक उदाहरण घेऊ. धानाच्या पानाचे छायाचित्र पाहून त्यावर करपा पडला आहे की नाही, हे संगणकाने सांगावे, अशी अपेक्षा आहे. जुन्या पद्धतीत 'ठिपका अमुक रंगाचा व अमुक आकाराचा असेल तर करपा समजावा' असे नियम माणूस लिहून देत असे. डीप लर्निंगमध्ये नियम लिहिले जात नाहीत. यंत्राला रोगट व निरोगी पानांची हजारो छायाचित्रे दाखवली जातात. यंत्राच्या आत थरांवर थर रचलेल्या असंख्य संख्या असतात. त्यांना पॅरामीटर म्हणतात. उत्तर चुकले की या संख्या किंचित सरकवल्या जातात, पुन्हा छायाचित्र दाखवले जाते, पुन्हा संख्या सरकतात. लाखो वेळा हे घडल्यावर यंत्र बऱ्यापैकी अचूक उत्तर देऊ लागते. थर अनेक असतात म्हणून 'डीप', म्हणजे खोल.

या संख्या किती असाव्यात? २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेल्या आणि या क्षेत्राला कलाटणी देणाऱ्या 'ॲलेक्सनेट'मध्ये त्या सुमारे ६ कोटी होत्या. २०२० साली आलेल्या 'जीपीटी-३' या भाषिक प्रतिमानात त्या १७,५०० कोटी झाल्या. आठ वर्षांत जवळजवळ तीन हजार पट. प्रत्येक संख्येचा गुणाकार, बेरीज, साठवण आणि ने-आण विजेवर होते, आणि येथे आपल्या गावाचा संबंध येतो.

मौदा येथील एनटीपीसीच्या औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,३२० मेगावॉट आहे. ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन संच मिळून ती होते. जीपीटी-३ला एकदा शिकवून तयार करण्यासाठी १,२८७ मेगावॉट-तास, म्हणजे १२ लाख ८७ हजार युनिट वीज खर्ची पडली, असा अंदाज २०२१ साली गूगल आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. आपल्या केंद्राचे चारही संच पूर्ण क्षमतेने चालले, तर इतकी वीज सुमारे तेहतीस मिनिटांत तयार होईल. हे ऐकून कोणी म्हणेल, मग त्यात विशेष ते काय? तोच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहावा. महिन्याला १०० युनिट वीज वापरणारे कुटुंब वर्षाला १,२०० युनिट वापरते. म्हणजे हजाराहून अधिक घरांच्या एखाद्या गावाची वर्षभराची वीज एका प्रतिमानाच्या एका शिकवणीला लागली. भारतीय कोळशाच्या हिशेबाने एका युनिटला साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा लागतो. ती वीज अशा कोळशावर तयार केली असती, तर सुमारे आठशे टन कोळसा जळाला असता. कोळशासोबत राख येते, पाणी लागते, धूर निघतो. हे मौदेकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

शिकवणी एकदाच होते. वापर मात्र दररोज, कोट्यवधी लोकांकडून होतो आणि त्याची वीज वेगळी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या ती दीड टक्का होते. यांतील सर्वच वीज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जात नाही, हे खरे. पण तिचा वाटा वेगाने वाढतो आहे आणि २०३० सालापर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांवर जाईल, असे त्याच अहवालाचे भाकीत आहे. आपले केंद्र वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे २० अब्ज युनिट देईल. तेव्हा आजच्या डेटा सेंटरांना मौद्यासारखी वीस केंद्रे लागतात आणि आणखी काही वर्षांनी शेहेचाळीस-सत्तेचाळीस लागतील, असे ढोबळमानाने म्हणता येते.

या प्रश्नाकडे विद्वज्जगताचे लक्ष प्रथम ठळकपणे वेधले ते २०१९ साली, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील एमा स्ट्रुबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने. पाठोपाठ रॉय श्वार्ट्झ आदी संशोधकांनी 'लाल' आणि 'हिरवी' कृत्रिम बुद्धिमत्ता असा भेद मांडला. अचूकता किंचित वाढवण्यासाठी वाटेल तितकी वीज व यंत्रसामग्री ओतणारी ती लाल; तेच काम कमी साधनांत करून दाखवणे हीच ज्या संशोधनाची कसोटी, ती हिरवी. त्यांच्या मांडणीतील एक मुद्दा आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. संशोधनाचा खर्च कोट्यवधींच्या घरात गेला की प्रश्न विचारण्याचा अधिकारच मोजक्या श्रीमंत कंपन्यांच्या हाती जातो. नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील हुशार विद्यार्थिनीची कल्पना कितीही चांगली असो, ती पडताळून पाहण्याची यंत्रे तिच्यापाशी नसतात. ज्ञानाच्या दारावर पहारेकरी बसवण्याची ही नवी रीत आहे, आणि आपल्या समाजाला अशा पहारेकऱ्यांचा जुना परिचय आहे. म्हणून कमी विजेचे हे संशोधन पर्यावरणाइतकेच प्रवेशाच्या हक्काशीही निगडित आहे.

आता वीज नेमकी कशात खर्च होते, ते पाहू. संशोधनाच्या साऱ्या वाटा तेथूनच फुटतात. सर्वसाधारण समज असा की गणित करण्यातच वीज जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेली आकडेवारी निराळेच चित्र दाखवते. तत्कालीन चिपवर दोन दशांश-संख्यांचा एक गुणाकार करण्यास जितकी ऊर्जा लागे, त्याच्या सुमारे १७० पट ऊर्जा एक संख्या मुख्य मेमरीतून नुसती उचलून आणण्यास लागे. आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. स्वयंपाकी भाताचा प्रत्येक दाणा आणण्यासाठी अंगणापलीकडच्या कोठीपर्यंत वेगळी फेरी मारू लागला, तर चुलीवरील सरपणापेक्षा त्याच्या पायपिटीतच दिवस जाईल. शहाणा स्वयंपाकी काय करील? लागणारे धान्य एकदम आणील, चुलीजवळ ठेवील, आणि नको ते आणणारच नाही. संगणकशास्त्रज्ञांनीही नेमके हेच उपाय शोधले.

पहिला उपाय छाटणीचा. आपल्या भागातील संत्र्याचे बागायतदार झाडावरची सल काढतात. वाळलेली काडी झाडावर राहिली तर झाडाचे नुकसानच होते. शिकून तयार झालेल्या यंत्रातील कित्येक संख्या शून्याच्या आसपास असतात. उत्तरावर त्यांचा प्रभाव जवळजवळ पडत नाही. त्या काढून टाकायच्या आणि उरलेल्या संख्यांना थोडे पुन्हा शिकवायचे. दुसरा उपाय बारकावा कमी करण्याचा. तांदूळ मिलिग्रॅमपर्यंत तोलून देणारा दुकानदार कोणी पाहिला आहे काय? तसेच प्रत्येक संख्या ३२ बिटांत साठवण्याऐवजी ८ किंवा ४ बिटांत साठवली, तरी उत्तर क्वचितच बदलते. होरोविट्झ यांच्याच आकडेवारीनुसार ८ बिटांच्या पूर्णांकांचा गुणाकार ३२ बिटांच्या दशांश-गुणाकारापेक्षा सुमारे अठरापट कमी ऊर्जेत होतो. स्टॅनफर्ड येथे पीएच.डी. करीत असलेल्या सॉन्ग हान यांनी ही दोन तंत्रे आणि संख्यांची आटोपशीर सांकेतिक नोंद एकत्र करून ॲलेक्सनेटचा आकार २४० मेगाबाइटवरून ६.९ मेगाबाइटवर आणला, तोही अचूकता न गमावता. हे काम मोठ्या कंपनीच्या प्रमुखाचे नव्हते. ते एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा भाग होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

तिसरा उपाय आम्हां शिक्षकांना सहज उमगेल असा आहे. मोठ्या यंत्राची उत्तरे समोर ठेवून लहान यंत्राला शिकवायचे. मोठे यंत्र 'हा करपा आहे' एवढेच सांगत नाही; 'बहुतेक करपा, थोडी शंका कडा करप्याची' अशी आपली शंकाही सांगते, आणि त्या शंकेतून लहान यंत्राला पुष्कळ कळते. जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली या तंत्राला चांगले रूप दिले. चौथी वाट थेट यंत्राच्या घडणीतच बदल करण्याची आहे. मानवी मेंदू सुमारे २० वॉटवर, म्हणजे एका लहान दिव्याइतक्या शक्तीवर चालतो. त्याच्या चेतापेशी सतत बोलत नाहीत. सांगण्यासारखे असेल तेव्हाच एक स्पंद पाठवतात. शिवाय आठवण साठवण्याची आणि विचार करण्याची जागा तेथे वेगळी नाही, म्हणजे कोठीची फेरीच नाही. या धर्तीवर चिप घडवण्याचे संशोधन मुंबईच्या आयआयटीत, विद्युत अभियांत्रिकी विभागात, प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने चालवले आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्राकडे कल असलेल्या विद्यार्थ्यांनी या वाटेचा अवश्य विचार करावा. प्रोग्रामिंग येणाऱ्यालाच या क्षेत्रात स्थान आहे, हा समज चुकीचा आहे.

मराठी भाषकांसाठी यात एक खास प्रश्न दडलेला आहे, आणि आमच्या मते तो सोडवण्याचे काम मराठी भाषकच अधिक चांगले करतील. भाषिक यंत्रे वाक्याचे लहान-लहान तुकडे करून वाचतात. तुकडे जितके अधिक, तितकी आकडेमोड आणि वीज अधिक. संगणकात इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. 'स्कॉलरशिप' हा शब्द इंग्रजीत अकरा अक्षरांचा आणि अकरा बाइटांचा आहे. आपल्या 'शिष्यवृत्ती' या शब्दातील अक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या व हलन्त मिळून चिन्हेही अकराच होतात. मात्र बाइट होतात तेहतीस. त्यातच शब्दांचे तुकडे पाडण्याची रीत मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून ठरवली गेली असल्याने मराठी शब्दांचे अधिक तुकडे होतात. म्हणजे एकाच अर्थाचे वाक्य मराठीत विचारले, तर यंत्राला अधिक श्रम आणि आपल्याला अधिक पैसे पडतात. अलीकडच्या यंत्रांत ही तफावत कमी होते आहे, पण गेलेली नाही. मराठीच्या विभक्तिप्रत्ययांचा आणि सामान्यरूपांचा विचार करून शब्दांचे तुकडे कसे पाडावेत, हा पीएच.डी.च्या दर्जाचा विषय आहे. त्यासाठी 'घरात', 'घराला', 'घरासमोरचा' यांतले 'घर' ज्याला न सांगता दिसते, तो विद्यार्थी हवा. वऱ्हाडी किंवा नागपुरी बोली जाणणारा असेल तर अधिकच उत्तम.

या दिशेने पुण्यात काम झालेले आहे. 'एल-थ्री-क्यूब' या गटाने २०२२ साली मराठीचा मोठा मजकूरसंग्रह 'महाकॉर्पस' आणि त्यावर शिकवलेले 'महाबर्ट' हे प्रतिमान सर्वांसाठी खुले केले. संग्रहात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांची भर घालण्यात आली. पुढे याच परंपरेतील एका अभ्यासात महाबर्टचे काही थर काढून टाकून पाहण्यात आले. थर छाटलेले प्रतिमान मूळ प्रतिमानाच्या जवळपास कामगिरी करते आणि तितक्याच आकाराचे कोरे प्रतिमान पहिल्यापासून शिकवण्यापेक्षा सरस ठरते, असे त्यात आढळले. या गटाच्या कामात पुण्यातील अभियांत्रिकीच्या पदवी वर्गातील विद्यार्थी सहभागी असतात. पदवीच्या वर्गात बसलेली मुले मराठीसाठी हे करू शकतात, तर आपली का नाही?

दुसरी वाट शेतात आणि रानात जाते. बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी २०१७ साली केवळ २ किलोबाइट मेमरीच्या, काही शे रुपयांत मिळणाऱ्या चिपवर चालेल असे शिकणारे यंत्र तयार केले. शेजारच्या मध्य प्रदेशातील कान्हा-पेंच पट्ट्यात वाघांच्या वाटेवर बसवलेल्या काही कॅमेऱ्यांमध्ये अशीच विद्या वापरली गेली. कॅमेरा स्वतःच ओळखतो की समोर वाघ आहे, माणूस आहे की नुसते हलणारे गवत, आणि कामाचेच छायाचित्र पाठवतो. प्रत्येक छायाचित्र दूरच्या डेटा सेंटरकडे पाठवायचे म्हटले, तर रानातली बॅटरी लवकर संपेल. मौदा तालुक्यातील धानाच्या किंवा मिरचीच्या शेतात, जेथे इंटरनेट येते-जाते, तेथे चालणारे उपकरण याच तत्त्वावर उभे राहील. ते कोणी तरी उभे करायचे आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नात्याने एक शंका नोंदवल्यावाचून आम्हांला राहवत नाही. १८६५ साली विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या कोळशाविषयी लिहिताना दाखवून दिले की, वाफेचे यंत्र कमी कोळशात अधिक काम करू लागले, तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. यंत्र स्वस्त झाले म्हणून ते सर्वत्र बसवले गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तसेच होणार नाही कशावरून? होऊ शकते. काही अंशी होतेच आहे. म्हणून वीज वाचवून ती कशासाठी वापरायची, हा प्रश्न तंत्रज्ञाच्या पलीकडचा आहे आणि अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र शिकलेल्यांनाही या क्षेत्रात संशोधनाला वाव आहे. डेटा सेंटर कोठे उभारावे, त्याला पाणी कोणाचे मिळावे, वीजवापर जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर असावे काय, या प्रश्नांवर प्रबंध लिहिले जायला हवेत.

विजेचा प्रश्न हा सामाजिक प्रश्न आहे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असावी, असा आग्रह धरला. उद्योगीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही आणि विजेवाचून उद्योगीकरण होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही १९४४ सालचीच. वीज आणि शिष्यवृत्ती या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस असावा, याचे आपल्यापैकी किती जणांना स्मरण असते?

आता पैशाचा प्रश्न, कारण पालकांचे लक्ष तेथेच असणार आणि असावेही. आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांत पूर्णवेळ पीएच.डी.साठी निवड झालेल्या, गेट किंवा नेट उत्तीर्ण विद्यार्थ्याला दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचा दर ३७,००० रुपये आणि वरिष्ठचा ४२,००० रुपये आहे; घरभाडे भत्ता वेगळा. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीच्या मूळ योजनेत तर पहिली दोन वर्षे दरमहा ७०,००० रुपये दिले जात. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञानाच्या विषयांसाठी केंद्राची विश्वेश्वरय्या पीएच.डी. योजना २०१४ पासून आहे. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि राज्यात 'बार्टी'ची बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. या रकमा हाती पडण्यास विलंब होतो, कधी त्यासाठी विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या काही महिन्यांची तजवीज करूनच पाऊल टाकणे इष्ट.

परदेशी जाण्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत; कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि वय ३५ च्या आत असावे लागते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना पाठवण्याची तरतूद आहे. (केंद्राच्या योजनेतून २०२२ साली भारताचा इतिहास, संस्कृती व समाज या विषयांवरील संशोधन वगळण्यात आले. आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांची वाट त्यामुळे अरुंद झाली. संगणकशास्त्राची मोकळी आहे, तिचा लाभ घ्यावा.) फारशी माहीत नसलेली आणखी एक गोष्ट अशी की जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, स्वीडन, स्वित्झर्लंड या देशांत पीएच.डी.ची जागा ही बहुधा पगारी नोकरी असते. तिची जाहिरात निघते, मुलाखत होते आणि पगार मिळतो. लाखोंचे शैक्षणिक कर्ज पदव्युत्तर पदवीसाठी काढावे लागते, पीएच.डी.साठी सहसा लागत नाही.

जागा आहेत, त्या भरल्या जात नाहीत, हे दुखणे वेगळे. २०१५ ते २०१९ या काळात देशातील आयआयटींत झालेल्या पीएच.डी. प्रवेशांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ९ टक्के आणि जमातींचा सुमारे २ टक्के होता, अशी माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली. आरक्षणाचे प्रमाण अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्के आहे. मुलाखतीच्या खोलीत काय घडते, याविषयी रास्त तक्रारी आहेत आणि त्या लावून धरल्याच पाहिजेत. त्याचबरोबर मुळात अर्जच कमी जातात, ही बाजू आपल्या हातातली आहे.

मग तयारी कशी करावी? नागपुरातच व्हीएनआयटी आणि आयआयआयटी या दोन्ही संस्थांत पीएच.डी.ची सोय आहे. घरापासून तासाभराच्या अंतरावर. महाग यंत्रांची वाट पाहू नये. इंटरनेटवर मर्यादित वेळ फुकट मिळणाऱ्या जीपीयूवर महाबर्टसारखे खुले प्रतिमान उतरवून घ्यावे, त्याचे थर छाटावेत, 'कोडकार्बन' या मोफत प्रणालीने आधीची आणि नंतरची वीज मोजावी आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. असा एक तक्ता जवळ असेल, तर प्राध्यापकांना पत्र पाठवताना मार्गदर्शनाची नुसती विनंती करावी लागत नाही. पत्रात त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून पडलेली शंका असावी. आज दहावी-बारावीत असलेल्यांनी मॅट्रिक्स, संभाव्यता आणि कलन यांकडे दुर्लक्ष करू नये. या क्षेत्राची बाराखडी तीच आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्यास २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे.

गेटचे अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत होते. २०२४ पासून तिच्यात डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. नेट सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा होते. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आतापासून सावध असावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या, पण केंद्रीय योजनांसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या विहित नमुन्यातच लागते आणि राज्याचा नमुना तेथे चालत नाही. राज्याच्या योजनांसाठी जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जावे लागते व त्यात महिने जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता हे काम पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुटीतच हाती घ्यावे.